गंगेच्या मुखाशी रेडियम वाढते कुठून?

कोकणमास्तर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गातील एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. जानेवारीत मुलीकडे कोलकात्याला गेलो होतो, तेव्हा येताना दोन बाटल्या पाणी भरून आणले. एक बाटली कोलकात्याच्या घाटावरची, म्हणजे गंगेचाच फाटा असलेल्या हुगळीच्या गोड्या पाण्याची, आणि दुसरी तिच्या मुखाशी असलेल्या सागर बेटाच्या किनाऱ्यावरची. भरताना दोन्ही पाणी सारखेच गढूळ होते, दूध जास्त पडलेल्या चहासारखे. घरी आल्यावर दोन्ही बाटल्या हलवून शेजारी शेजारी ठेवल्या, तर सागर बेटाचे पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निवळले आणि तळाशी बोटभर मऊ साका बसला. कोलकात्याच्या बाटलीत जड गाळ खाली बसला, पण वरच्या पाण्यातला धूसरपणा आठवडा उलटला तरी गेला नाही. खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात हे मी दरवर्षी शिकवतो. डोळ्यांनी इतके स्वच्छ पहिल्यांदाच पाहिले.

त्या निमित्ताने नदीमुखांच्या रसायनशास्त्राविषयी वाचायला घेतले आणि एका ठिकाणी अडलो. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या गोड्या पाण्यात विरघळलेले रेडियम अगदी थोडे असते. बंगालच्या उपसागरात मुखापासून दूर गेल्यावरही ते थोडेच असते. मात्र ही दोन पाणी जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे ते दोहोंपेक्षाही जास्त भरते, असे वाचनात आले. पाच टक्क्यांचे आणि दहा टक्क्यांचे द्रावण एकत्र केले तर बारा टक्के कधीच होत नाही, हे अकरावीचा विद्यार्थीही सांगेल. मग हे जास्तीचे रेडियम येते कुठून? युरेनियम आणि थोरियम हेही असेच वागतात का? याचा कारखान्यांशी किंवा अणुवीज केंद्रांशी काही संबंध आहे का, आणि अशा पाण्यातली मासळी खाणाऱ्यांनी काळजी करावी का, हेही कोणी नीट समजावून सांगितले तर मुलांपुढे मांडता येईल.

मँगनीज यांचे उत्तर

मास्तर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच बाटलीच्या तळाशी बसले आहे. जास्तीचे रेडियम पाण्यातून आलेले नसते, ते गाळातून आलेले असते. तुम्ही दोन द्रावणांचे मिश्रण म्हणून हिशेब केलात, पण नदीमुखाशी तीन गोष्टी एकत्र येतात: गोडे पाणी, खारे पाणी आणि माती.

आवर्त सारणीत कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम यांच्याखाली रेडियम बसते. पाण्यात ते दोन धनप्रभारांचा आयन म्हणून असते आणि मातीच्या बारीक कणांवर ऋणप्रभार असतो, म्हणून गोड्या पाण्यात रेडियम कणांच्या पृष्ठभागाला चिकटून राहते. नदीच्या पाण्यात त्याच्या जागेवर हक्क सांगणारे दुसरे आयन फार नसतात. तेच कण खाऱ्या पाण्यात शिरले की सोडियम आणि मॅग्नेशियम यांची इतकी गर्दी होते की रेडियमला जागा सोडावी लागते. शहरातल्या ज्या सोसायट्यांमध्ये बोअरच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसवलेला असतो, तिथे हेच चालते. सॉफ्टनरमधले रेझिन पाण्यातला कॅल्शियम धरून ठेवते, आणि ठरावीक दिवसांनी त्यातून मिठाचे पाणी सोडले की धरलेला कॅल्शियम सुटून गटारात जातो. गंगेचा गाळ म्हणजे हिमालयापासून वाहत आलेले रेझिन आणि बंगालचा उपसागर म्हणजे मिठाची टाकी, असे समजा. बेरियमही रेडियमच्या बरोबरीने असाच सुटतो. अमेरिकेतल्या हडसन नदीच्या मुखाशी या दोघांचे हे सुटणे १९७० च्या दशकातच मोजले गेले होते.

आकडे घातल्याशिवाय माझे समाधान होत नाही, म्हणून एक ढोबळ हिशेब मांडतो. पृथ्वीच्या कवचाच्या खडकांत सरासरीने दर दहा लाख भागांत सुमारे २.७ भाग युरेनियम असते. एक ग्रॅम मातीत तेवढे युरेनियम आणि त्याच्या विघटनातून बनून त्याच्याशी समतोल राखून असलेले रेडियम-२२६ (२२६ हा त्या अणूचा वस्तुमानांक) धरले, तर त्या रेडियमची किरणोत्सारिता साधारण ३३ मिलिबेकेरेल भरते (बेकेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे, मिलि म्हणजे त्याचा हजारावा भाग). खुल्या समुद्राच्या वरच्या थरातील एका लिटर पाण्यात ती एक-दीड मिलिबेकेरेलच असते. म्हणजे चिमूटभर गाळात पंचवीस लिटर समुद्राइतके रेडियम भरलेले असते. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन गाळ आणतात. वर्षभराच्या पाण्यावर तो वाटला तर लिटरला सुमारे एक ग्रॅम पडतो. त्यातल्या रेडियमचा दहावा हिस्सा जरी सुटला, असे उदाहरणादाखल धरले, तरी नदीच्या प्रत्येक लिटरमागे तीन मिलिबेकेरेलची भर पडते. दोन्ही मूळ पाण्यांपेक्षा मिश्रण वरचढ का ठरते, ते यावरून लक्षात येईल.

सगळेच रेडियम का सुटत नाही, हा पुढचा प्रश्न मुले नक्की विचारतील. जे स्फटिकाच्या पोटात अडकलेले आहे त्याच्यापर्यंत मीठ पोहोचतच नाही. सुटते ते पृष्ठभागावरचे. आणि पृष्ठभागावर नवे रेडियम येते कसे, तर थोरियमचा अणू अल्फा कण (हेलियमचे केंद्रक) सोडून रेडियम बनतो, तेव्हा तो स्वतः बंदुकीसारखा मागे रेटला जातो. हा धक्का काही दशनॅनोमीटर इतकाच असतो, पण कणाच्या कडेला बसलेल्या अणूला बाहेर पडायला तेवढा पुरतो. म्हणूनच बारीक चिकणमाती भरपूर रेडियम देते आणि जाड वाळू फारसे देत नाही.

मापनाविषयी थोडे लिहितो, कारण माझी उमेदीची वर्षे त्यात गेली. समुद्राच्या पाण्यात रेडियम इतके विरळ असते की बादलीभर पाणी घेऊन काहीच हाती लागत नाही. शेकडो लिटर पाणी गाळावे लागते. त्यासाठी स्वेटरच्या लोकरीसारखा दिसणारा ॲक्रिलिक धाग्यांचा पांढरा पुंजका घेतात आणि गरम पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात बुडवून ठेवतात. काही वेळाने धागा काळाकुट्ट होतो, कारण त्यावर मँगनीज डायऑक्साइडचा थर बसतो. हा पुंजका नळीत सैलसर भरायचा आणि त्यातून पंपाने पाणी सोडायचे. रेडियम धाग्यावर राहते आणि पाणी पुढे जाते. हातमोजे घालूनही मनगटापर्यंत तपकिरी डाग पडायचे आणि ते चार-पाच दिवस कुठल्याही साबणाला दाद द्यायचे नाहीत. एकदा होडीवर पुंजका नळीत फार घट्ट भरला गेला, पाण्याचा वेग निम्म्यावर आला आणि ओहोटी संपायच्या आत नमुना पूर्ण झाला नाही. तो दिवस वाया गेला, कारण भरतीचे पाणी म्हणजे निराळेच पाणी.

या धाग्यांच्या कामाचे एक मूळ मुंबईत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने कृत्रिम धाग्यांवर लोहाचा हायड्रॉक्साइड चढवून समुद्रातल्या समुद्रात सिलिकॉन, रेडियम, थोरियम आणि शिसे पकडण्याची पद्धत १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. मँगनीजच्या धाग्याची पद्धत अमेरिकन संशोधक विलर्ड मूर आणि रीड यांनी १९७३ मध्ये मांडली आणि आज जगभर तीच चालते.

वाळूचा_कण यांचे उत्तर

वरच्या उत्तरात रेडियमचे बाजूचे भाऊबंद आले, आता वरच्या पिढीतले पाहू. युरेनियम, थोरियम आणि रेडियम एकाच घराण्यातली, म्हणजे एकाच्या विघटनातून दुसरे बनत जाणारी, असली तरी पाण्यातला स्वभाव तिघांचा तीन तऱ्हेचा आहे, आणि नदीमुखाचे सगळे गणित या स्वभावभेदावर उभे आहे.

युरेनियम पाण्यात रमते. प्राणवायू असलेल्या पाण्यात ते कार्बोनेटशी जोडी करून विरघळलेलेच राहते. जगभरच्या समुद्रात ते लिटरला सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम असते आणि खुल्या समुद्रात क्षारतेच्या (खारटपणाच्या) प्रमाणात इतके नेमके बदलते की क्षारता मोजली तर युरेनियम सांगता येते. जगातल्या नद्यांची सरासरी याच्या दहाव्या हिस्स्याच्या आसपास, म्हणजे लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम धरतात. गंगा याला मोठा अपवाद आहे. तिच्या पाण्यात ते सुमारे २ मायक्रोग्रॅमपर्यंत आढळले आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला सुमारे १००० टन विरघळलेले युरेनियम मुखापर्यंत आणतात, आणि हा जगातल्या सर्व नद्यांच्या योगदानाचा सुमारे दहावा भाग आहे. हे युरेनियम हिमालयातल्या खडकांच्या झिजेतून येते.

मास्तरांची मिश्रणाची अपेक्षा युरेनियमच्या बाबतीत पुष्कळ ठिकाणी खरी ठरते. नर्मदा आणि तापी यांच्या खाड्यांत १९७० च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी हे तपासले, तेव्हा अगदी सुरुवातीचा गोडसर पट्टा सोडला तर युरेनियम क्षारतेबरोबर सरळ रेषेत वाढताना दिसले, म्हणजे गाळाने त्यात ना भर घातली ना काही काढून घेतले. ॲमेझॉनच्या मुखाशी मात्र ही रेषा मोडते. तिथे कमी क्षारतेच्या पट्ट्यात लोह आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे सूक्ष्म कण गोळा होऊन खाली बसतात आणि जाताना युरेनियमही ओढून नेतात. पुढे खंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात, तळाच्या चिखलातून युरेनियम पुन्हा पाण्यात येतानाही दिसले आहे. जिथे चिखलात प्राणवायू उरत नाही तिथे युरेनियमचे क्षपण होऊन (त्याला इलेक्ट्रॉन मिळून) ते अविद्राव्य बनते आणि चिखलातच गाडले जाते. काळ्या, कुजक्या वासाच्या खाडीच्या चिखलात पाय रुतला की आपण युरेनियमच्या गोदामात उभे आहोत, असे खुशाल समजावे.

थोरियमला पाणी मुळीच मानवत नाही. ते मिळेल त्या कणाला चिकटते आणि त्याच्याबरोबर तळाशी जाते. पाण्यात विरघळलेले युरेनियम-२३८ सतत थोरियम-२३४ तयार करत असते. याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटन पावायला लागणारा काळ, २४.१ दिवस आहे. कणच नसते तर दोघांची किरणोत्सारिता सारखी झाली असती. पण किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात थोरियम तयार होताच थोड्या दिवसांत कणांवर बसून खाली जाते आणि पाण्यात त्याची तूट दिसते. ही तूट मोजली की कण किती वेगाने पाण्यातून खाली जात आहेत ते कळते. समुद्रातले हे गुणोत्तर मोजणारा एक पायाभूत शोधनिबंध १९६९ चा आहे, आणि त्याच्या लेखकांत भट, कृष्णस्वामी, लाल आणि रामा ही आपल्याकडची मंडळी आहेत.

थोरियमच्या या चिकटपणातच रेडियमचा पुरवठा दडलेला आहे. खारे पाणी रेडियमला धुऊन नेते, पण त्याचे जन्मदाते थोरियम कणावरच राहते आणि पुन्हा नवे रेडियम बनवू लागते. रेडियमच्या चार समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचा) भरपाईचा वेग मात्र अगदी वेगवेगळा. रेडियम-२२४ चे अर्धायुष्य ३.६६ दिवस, रेडियम-२२३ चे ११.४ दिवस, रेडियम-२२८ चे ५.७५ वर्षे आणि रेडियम-२२६ चे १६०० वर्षे. धुतलेल्या चिखलात पहिले अकरा दिवसांत सात-अष्टमांश भरून येते. शेवटचे आपल्या पणतवंडांच्या हयातीतही भरून येणार नाही. किनारा सोडून पाणी आत जाऊ लागले की हेच उलटे वापरता येते: पुरवठा तुटतो, २२४ झपाट्याने आटते, २२३ सावकाश, आणि दोघांच्या गुणोत्तरावरून पाण्याला किनारा सोडून किती दिवस झाले ते काढता येते. समुद्राच्या पाण्याला वय विचारण्याची इतकी सरळ युक्ती दुसरी नसेल.

केरळच्या मोनाझाइट वाळूचा विषय इथे कोणी आणण्याआधीच सांगतो, की ते प्रकरण वेगळे आहे. चवऱ्याच्या किनाऱ्यावर थोरियम भरपूर आहे, पण ते टणक खनिजाच्या आत बंदिस्त आहे. मिठाच्या पाण्याने ते सुटत नाही.

कोकणमास्तर

दोघांचेही मनापासून आभार. सॉफ्टनरचे उदाहरण मी उद्याच वर्गात देणार आहे. एक शंका उरते. गाळ मुख्यतः पावसाळ्यात येतो. मी गेलो तेव्हा जानेवारी होता आणि नदी संथ होती. रेडियम जर गाळातूनच सुटत असेल, तर कोरड्या ऋतूत ते मुखाशी कमी व्हायला हवे. तसे होते का?

ओहोटी यांचे उत्तर

मास्तर, ही शंका रास्त आहे, आणि तिनेच या विषयाला निराळे वळण दिले. विलर्ड मूर यांनी मार्च १९९१ मध्ये, म्हणजे नदीचा प्रवाह तळाला गेलेला असताना, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखासमोरच्या पाण्याचे नमुने घेतले. तुमच्या तर्काप्रमाणे रेडियम आणि बेरियम कमी भरायला हवे होते. प्रत्यक्षात दोन्ही भरपूर सापडले, इतके की त्या महिन्यांत नदीबरोबर येणाऱ्या गाळाने त्याचा हिशेब लागेना. १९९७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि त्यामागे भूजलाचा मोठा स्रोत असावा असे सुचवले. त्याआधी, १९९६ मध्ये, अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याविषयी त्यांनी असाच निष्कर्ष काढला होता: तिथे रेडियम-२२६ च्या आधिक्यावरून समुद्रात येणारे भूजल त्या किनाऱ्याच्या नद्यांच्या पाण्याच्या सुमारे ४० टक्के भरते, असा त्यांचा अंदाज होता.

गाळावरच सगळे का ढकलता येत नाही, हे वाळूचा_कण यांनी दिलेल्या अर्धायुष्यांवरूनच सिद्ध होते. पावसाळ्यात येऊन बसलेला चिखल कोरड्या ऋतूतल्या भरतीने रोज ढवळला जातो, हे खरे. त्यातून रेडियम-२२४ रोज मिळू शकेल, कारण ते आठवड्या-दीड आठवड्यात पुन्हा तयार होते. रेडियम-२२६ मात्र एकदा धुतले गेले की शतकानुशतके परत येत नाही. तेव्हा मार्चमध्ये रेडियम-२२६ भरपूर मिळत असेल, तर खारे पाणी कुठे तरी न धुतलेल्या, खोलवरच्या गाळातून फिरून येत असले पाहिजे. बंगालचा त्रिभुज प्रदेश म्हणजे अशा गाळाचे प्रचंड साठवण आहे.

इथे एक गैरसमज टाळायला हवा, आणि तो जाणकारांच्या लिखाणातही डोकावतो. भूजल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विहिरीचे गोडे पाणी येते. त्या अर्थाने पाहिले तर आक्षेप खरा आहे: बंगालचा त्रिभुज प्रदेश जवळजवळ सपाट आहे, जमिनीला उतारच नाही, मग गोडे भूजल एवढ्या प्रमाणात समुद्राकडे लोटणार कोण? पण रेडियम सोडवायला मीठ लागते, आणि किनाऱ्याखालून येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग समुद्राचेच पाणी असतो. भरतीला ते वाळूत आणि चिखलात शिरते, ओहोटीला बाहेर पडते, आणि बाहेर पडताना रेडियम घेऊन येते. माझे स्वतःचे मत असे आहे, की बंगालच्या किनाऱ्यावरचे बरेचसे कोडे या फिरत्या खाऱ्या पाण्याने सुटते आणि गोड्या भूजलाला फार मोठा वाटा द्यायची गरज पडत नाही.

तुम्ही कोकणातले आहात, तेव्हा ही हालचाल तुम्हाला घराजवळ पाहता येईल. पूर्ण ओहोटीला किनाऱ्यावर उभे राहा. भरतीची रेघ आणि पाण्याची कड यांच्या मध्ये वाळू एका पट्ट्यात ओलसर चकाकते आणि तिच्यातून बारीक ओहळ सुटलेले असतात; त्यांच्या कडेने वाळूवर झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. समुद्र मागे हटलेला असतो आणि पाऊस महिनोन्महिने झालेला नसतो, तरी पाणी झिरपतच असते. त्यातले बरेचसे सहा तासांपूर्वी आत शिरलेले भरतीचे पाणी असते, थोडे डोंगराकडून आलेले गोडे. रेडियम मोजणारे लोक नेमका याच ओहळांचा नमुना घेतात. आपल्या कोकणच्या नद्या आखूड आणि त्यांचा गाळ गंगेच्या मानाने किरकोळ, त्यामुळे मुखाशी गंगेसारखे चित्र दिसण्याची अपेक्षा ठेवू नये.

ऋतूंचा आणखी एक परिणाम नोंदवतो. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा एवढा असतो की खारे पाणी त्रिभुज प्रदेशाबाहेर ढकलले जाते आणि रेडियम सुटण्याची जागाच समुद्रात सरकते. उन्हाळ्यात खारेपण नदीत आतवर चढते. त्यामुळे एकाच ठिकाणी उभे राहून ऑगस्ट आणि मार्च यांची तुलना केली तर फसगत होते. नमुन्याबरोबर क्षारता लिहिलेली नसेल, तर रेडियमच्या आकड्याला काही अर्थ नाही.

बंदरावरून यांचे उत्तर

मासळीचा आणि कारखान्यांचा प्रश्न मागे राहिला, म्हणून लिहितो.

गंगेच्या मुखाशी दिसणारे हे रेडियम खडकांतल्या युरेनियम आणि थोरियमपासून आलेले आहे. माणूस नसता तरी ते तिथे असतेच. अपवाद एक सांगायला हवा: खतासाठी लागणाऱ्या फॉस्फेट खडकात युरेनियम मुरलेले असते, आणि फॉस्फोरिक आम्ल काढून घेतल्यावर उरणाऱ्या जिप्समच्या चोथ्यात रेडियम राहते. स्पेनमध्ये वेल्वा येथे टिंटो नदीच्या मुखाशी असे चोथ्याचे मोठे ढीग साचले आहेत, आणि तिथल्या खाडीत माणसाने टाकलेले रेडियम मोजता आले आहे. अशा ठिकाणी निसर्गावर बोट दाखवून मोकळे होता येत नाही.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून पोटॅशियमकडे पाहा. समुद्राच्या प्रत्येक लिटरमध्ये नैसर्गिक पोटॅशियम-४० ची किरणोत्सारिता सुमारे १२ बेकेरेल असते. खुल्या समुद्रातले रेडियम-२२६ तिच्या नऊ हजाराव्या हिस्स्याच्या आसपास आहे. नदीमुखाशी ते काही पटींनी वाढले, तरी हजारात एकाच्या घरातच राहते. बेकेरेल सारखे म्हणजे अपाय सारखा, असे मात्र नाही. अल्फा कण सोडणारी मूलद्रव्ये शरीरात गेली तर बेकेरेलमागे जास्त नुकसान करतात. म्हणून मासळीच्या बाबतीत जाणकार पोलोनियम-२१० कडे लक्ष देतात.

हे पोलोनियम नदीतून फारसे येत नाही. जमिनीतून हवेत निसटलेल्या रेडॉनपासून शिसे-२१० बनते, पावसाबरोबर समुद्रात पडते, आणि त्याच्यापासून पोलोनियम तयार होते. ते प्रथिनांना धरून राहते, म्हणून प्लवक खाणाऱ्या तारली-बांगड्यासारख्या माशांच्या आतड्या-यकृतात आणि कालवे, तिसऱ्या (शिंपले) यांच्या पाचक ग्रंथींत जमा होते. मासळी साफ करताना पोटातला भाग काढून टाकतो, तेव्हा त्यातला बराच वाटा जातो. पोलोनियमचे अर्धायुष्य १३८ दिवस आहे, त्यामुळे सुकवलेली मासळी साडेचार महिने डब्यात राहिली तर त्यातले एकूण पोलोनियम निम्म्याच्या जवळपास येते.

जगात सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराचा शरीरावरचा परिणाम मोजण्याचे एकक) मात्रा मिळते. त्यापैकी सुमारे ०.३ अन्नपाण्यातून, आणि त्यातही निम्म्याहून अधिक आपल्याच शरीरातल्या पोटॅशियममुळे. मासळी भरपूर खाणाऱ्याच्या बाबतीत पोलोनियमचा वाटा सरासरीपेक्षा वाढतो, पण तेवढ्यासाठी ताटातून मासा उचलण्याचे कारण मला दिसत नाही. मी स्वतः उचललेला नाही.

कोकणमास्तर

सर्वांचे पुन्हा आभार. शेवटचे एक विचारतो. आमच्या प्रयोगशाळेत रेडियम मोजण्याचे साधन असणे शक्यच नाही. खाऱ्या पाण्याने मातीवरचा आयन सुटतो, एवढे तरी मुलांना डोळ्यांनी दाखवता येईल का?

मँगनीज

येईल, आणि त्यासाठी रेडियमचा भाऊ कॅल्शियम पुरेसा आहे. घाटावरची काळी माती मिळवा. तिच्यातली चिकणमाती आयन धरण्यात पटाईत असते आणि बहुतेक जागा कॅल्शियमने भरलेल्या असतात. कोकणातली तांबडी जांभ्याची माती घेऊ नका, ती फार कमी आयन धरते. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतील तर ते वेचून काढा आणि मातीवर एक थेंब विरल आम्ल टाकून पाहा. फसफसली तर दुसरी माती शोधा, नाहीतर चुनखडीचाच कॅल्शियम मोजाल.

दोन चंचुपात्रांत वीस-वीस ग्रॅम माती घ्या. एकात शंभर मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात साडेतीन ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड विरघळवून घाला, म्हणजे समुद्राइतके खारे होईल. स्वयंपाकघरातले मीठ किंवा प्रत्यक्ष समुद्राचे पाणी वापरू नका, त्यात कॅल्शियम आधीच असतो. अर्धा तास ढवळून दोन्ही गाळून घ्या. साधे पाणी गढूळच उतरेल, ते दोन-तीनदा गाळावे लागेल. मिठाचे पाणी लवकर निवळेल, म्हणजे तुमच्या दोन बाटल्यांचा प्रयोगही त्यातच होऊन जाईल. मग दोन्ही गाळीव पाण्यांत अमोनियम ऑक्झलेटचे सारखे थेंब टाका. मिठाच्या पाण्यात कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढरा साका स्पष्ट दिसेल, साध्या पाण्यात अगदी फिकट किंवा मुळीच नाही. तिसऱ्या परीक्षानळीत नुसते मिठाचे पाणी घेऊन त्यातही ऑक्झलेट टाका. त्यात काही दिसले, तर मीठच अशुद्ध आहे.